नारिंगीसाठी आभार

ती. काका,
सा. न. वि. वि.

होळकरांची ड्यूसेनबर्ग गाडी एकदाची पुरी झाली, म्हणजे तुम्ही मिसळून दिलेल्या रंगातलं तिचं 1:24 चं, चोविसाव्या हिश्शाचं मॉडेल. समोर बसून बोललो असतो तर नीट जमलं नसतं, म्हणून हे जाहीर पत्र.

इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांची 1930 च्या दशकातली ही गाडी; बॉडी इंग्लंडच्या गर्नी नटिंग कंपनीची, रंग नारिंगी आणि काळा. आपल्या इंदूरची गाडी, पण नारिंगी नक्की कोणतं हे इंदूरच्या बाजारात विचारून पाहावं! एकाने मोबाइलवरचा फोटो बघून रंगाचा कोड काढला आणि अख्खा लिटर गळ्यात मारू लागला. दुसऱ्याने मेटॅलिक पुढे केला. त्यातले चकाकीचे कण या मापात खऱ्या गाडीवर चोवीसपट जाड दिसतील, हे त्याच्या गावीही नव्हतं. तिसरा म्हणाला, खेळण्याला कुठलाही चालतो.

मग तुमच्याकडे आलो. तुम्ही आधी विचारलंत, "खाली प्रायमर कोणता?"

सगळी गोम तिथेच, रंगाखालच्या त्या पहिल्या हातात होती. नारिंगी रंग खालचं फारसं झाकत नाही. करड्या प्रायमरवर तो मळकट विटकरी होतो, मग हातावर हात चढवावे लागतात आणि दरवाज्यांच्या फटी बुजतात. पांढऱ्यावर थोड्या पातळ हातांत तो खुलतो. मॉडेल लहान म्हणून रंग किंचित फिका करायचा, तर बहुतेक जण पांढरा ओततात आणि गाडी पीचच्या रंगाची होते. तुम्ही पिवळा सांगितलात, शंभर थेंबांना पाच. काळ्यातही चिमूटभर करडा, टायरला त्याहून जास्त. आणि एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरने पातळ केलेल्या रंगाचा ओला हात उघड्या प्लास्टिकवर द्यायचा नाही. मॉडेलच्या प्लास्टिकवर, म्हणजे पॉलिस्टायरीनवर, बारीक तडे जातात. प्रायमरवरही आधी नुसता धुरळ्यासारखा पातळ फवारा, तो सुकला की मग ओला हात. पावसाळ्यात थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि रंगावर पांढरी झाक येते. त्यासाठी रिटार्डरचे, म्हणजे वाळणं लांबवणाऱ्या द्रवाचे थेंब. आधी नारिंगी, तो पुरता वाळल्यावर टेप लावून काळा; उलट केलं तर काळ्यावर नारिंगी बसता बसत नाही.

पण आभार मुख्यतः नमुना म्हणून रंगवून दिलेल्या त्या प्लास्टिकच्या चमच्याचे. अर्ध्यावर पांढरा प्रायमर, अर्ध्यावर करडा, वरून एकच नारिंगी, आणि दांड्यावर मार्करने प्रमाण. "ट्यूबलाइटखाली नको, उन्हात बघ," म्हणून तो हातात दिलात. हाताला बसलेलं प्रमाण कारागीर सहसा कुणाला सांगत नाही. त्यावर त्याचं पोट असतं. तुम्ही ते लिहून दिलंत, आणि पैसे घेतलेत फक्त छोट्या बाटलीतल्या रंगाचे. अशी माणसं शहरात आहेत म्हणून हे छंद चालतात, नाहीतर आमचं सगळं सामान केव्हाच माळ्यावर गेलं असतं.

आता पुढची गाडी 1920 च्या दशकाच्या सुरुवातीची आहे. क्रोमचा मुलामा रुळला तो त्या दशकाच्या अखेरीस, म्हणजे हिच्या रेडिएटरला आणि दिव्यांना निकेलच हवा: क्रोमसारखा निळसर नाही, जरा पिवळसर, ऊबदार. चांदी रंगात पिवळा किती घालायचा ते तुम्हीच सांगा. या खेपेला चमचे मी आणतो.

आपला,
एक मॉडेलवाला