इंडेक्स टू म्हणजे मालकीचा दाखला नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुना फ्लॅट घेणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असते: ‘रजिस्ट्रेशन झालंय, इंडेक्स टू हातात आहे, आता काळजी कसली?’ काळजीचे कारण असे की दुय्यम निबंधक (सब-रजिस्ट्रार) दस्त नोंदवतो आणि त्याचा सारांश म्हणून इंडेक्स टू देतो, विकणाऱ्याची मालकी तपासून देत नाही. मुद्रांक पुरेसा भरला का, सही करणारा माणूस तोच का, ओळखदार हजर आहेत का, हे पाहून फोटो-अंगठे घेतले जातात आणि दस्ताला क्रमांक पडतो. विक्रेत्याची मालकी ठरवणे हे निबंधकाचे काम नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूच्या एका प्रकरणात स्पष्ट केले आणि त्या राज्याचा त्यासंबंधीचा नियमही रद्द केला. म्हणजे तपासणी आपली आपणच करायची, आणि तीही टोकन देण्याआधी.

सुरुवात त्या इंडेक्स टूपासूनच करावी. कागद एका पानाचा, पण वाचता आला तर बरेच सांगतो. पहिल्या रकान्यात दस्ताचा प्रकार असतो. तिथे ‘करारनामा’ लिहिले आहे की ‘विक्रीखत’, ते पाहा. नुसत्या करारनाम्याने मालकी जात नाही, असे १८८२चा मालमत्ता हस्तांतरण कायदा म्हणतो. आपल्याकडे आधी पूर्ण मुद्रांक भरून करारनामा नोंदवतात आणि पैसे पुरे झाल्यावर विक्रीखत करतात. हे दुसरे पाऊल कित्येक घरांत राहूनच गेलेले असते. रकाना २ मध्ये मोबदला आणि ३ मध्ये रेडी रेकनरचा (सरकारी दरपत्रकाचा) बाजारभाव असतो. मुद्रांक या दोहोंतल्या मोठ्या रकमेवर बसतो. मोबदला इतका कमी दाखवला की बाजारभाव त्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त भरतो, तर आयकर विकणाऱ्यालाही पकडतो आणि घेणाऱ्यालाही. ‘थोडी रोख, थोडा चेक’ सुचवणारे एजंट हे सांगत नाहीत. रकाना ९ म्हणजे दस्त करून दिल्याची तारीख, १० म्हणजे नोंदणीची. दोहोंत चार महिन्यांहून जास्त अंतर असेल, तर दंड भरून नोंदणी झाली होती का, हे विचारा. त्यासाठी आणखी चारच महिने मिळतात.

एक इंडेक्स टू मात्र पुरत नाही. बिल्डर ते पहिला घेणारा, तिथून दुसरा, तिथून आजचा विक्रेता, अशी साखळी सलग हवी आणि प्रत्येक कडीचा मूळ दस्त डोळ्यांनी पाहिलेला हवा. झेरॉक्सवर व्यवहार करू नये. मूळ कागद बँकेत तारण असू शकतात. कागद ठेवून कर्ज घेतल्याची सूचना दुय्यम निबंधकाकडे ३० दिवसांत देण्याची सक्ती महाराष्ट्रात २०१३ पासून आली, त्यामुळे त्यानंतरचा बोजा शोधात सापडायला हवा. त्याआधीचा सापडेलच असे नाही. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर मुंबईचे दस्त १९८५ पासूनचे आणि इतर जिल्ह्यांचे साधारण २००२ पासूनचे दिसतात. वकील ३० वर्षांचा शोध घेतात, तेव्हा उरलेल्या वर्षांसाठी कार्यालयातल्या वह्या चाळाव्या लागतात. ‘ऑनलाइन बघितलं, क्लिअर आहे’ म्हणणाऱ्याला तेवढे एकच विचारावे: कुठल्या वर्षापासून?

जुन्या इमारतींत पाच रुपयांच्या स्टॅम्प पेपरवरचे करारनामे निघतात आणि घेणारा घाबरतो. ताबा देणाऱ्या करारनाम्यावर विक्रीखताइतका मुद्रांक १० डिसेंबर १९८५ पासून लागू झाला. दस्त त्याआधीचा असेल तर घाबरण्याचे कारण नाही. नंतरचा असेल, तर कमी पडलेला मुद्रांक आणि त्यावर दरमहा २ टक्के दंड कोण भरणार, हे टोकनच्या पावतीवरच लिहून घ्यावे.

सर्वाधिक व्यवहार अडतात ते वारसांपाशी. सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव आहे, एवढ्यावर घर विकता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सहकार कायद्यात नॉमिनी हा वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सदस्य आहे. सगळ्या वारसांनी सही करावी, नाहीतर नोंदलेले हक्कसोडपत्र द्यावे. वारसांत अज्ञान (१८ वर्षांखालचे) मूल असेल, तर त्याचा हिस्सा विकायला हिंदू कुटुंबात बापालासुद्धा न्यायालयाची परवानगी लागते. एक भाऊ परदेशात असला तर त्याचे कुलमुखत्यारपत्र भारतीय वकिलातीत केलेले, नाहीतर तिथे नोटरी व अपोस्टिल (कागद दुसऱ्या देशात ग्राह्य ठरवणारा सरकारी शिक्का) केलेले हवे, आणि ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथला मुद्रांक भरायला हवा. मुखत्यारपत्र देणारा माणूस हयात आहे ना, हेही विचारावे. तो गेला की पत्रही संपले. शिवाय विक्रेता अनिवासी असेल तर नेहमीचा १ टक्का टीडीएस (घेणाऱ्याने किमतीतून कापून भरायचा आयकर) चालत नाही. दर बराच चढा असतो आणि कापला नाही तर जबाबदारी घेणाऱ्याची. निवासी विक्रेत्याच्या बाबतीत ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीला १ टक्का कापायचा. घेणारे दोघे असले तरी ऑक्टोबर २०२४ पासून मर्यादा पूर्ण किमतीवरच मोजतात.

मुद्रांक शुल्क मुंबईत ६ टक्के, पुण्यात ७ टक्के. नोंदणी फी १ टक्का, पण ३० हजारांच्या वर नाही. घेणारी फक्त स्त्री असेल तर मुद्रांकात १ टक्का सवलत आहे. पतीचे नाव जोडले की ती गेली. मुद्रांक सहीआधी किंवा त्याच दिवशी भरावा, फार तर पुढच्या कामाच्या दिवशी. विक्रेत्याचे कर्ज चालू असेल तर घेणाऱ्याच्या बँकेचा चेक थेट विक्रेत्याच्या बँकेच्या नावे काढावा आणि तिच्याकडून थकबाकीचे पत्र व जमा कागदांची यादी आधीच घ्यावी. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत न करणाऱ्या बँकेला रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दिवसाला ५ हजार रुपये भरपाई द्यावी लागते. हे फार कमी लोक मागतात.

सोसायटीची एनओसी (ना हरकत पत्र) आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांनुसार) हस्तांतराला सक्तीची नाही, कर्ज देणारी बँक मात्र मागते. महापालिका हद्दीत ट्रान्सफर प्रीमियम (हस्तांतरासाठी सोसायटी घेते ती रक्कम) २५ हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही. त्यावर मागितलेल्या ‘स्वेच्छा देणगी’ला कायद्यात जागा नाही.

आता कन्व्हेयन्सचा खरा घोळ. कन्व्हेयन्स म्हणजे मालकी लिहून देणे. आपल्याकडे हा शब्द बहुधा फ्लॅटसाठी नाही, तर इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावे करण्यासाठी वापरला जातो. फ्लॅटचे सगळे दस्त चोख असले तरी मिळकत पत्रिकेवर (जमिनीच्या प्रॉपर्टी कार्डावर) आजही मूळ जमीनमालक किंवा बिल्डर असू शकतो. मोफा कायद्याखाली (राज्याच्या फ्लॅट मालकी कायद्याखाली) सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने जमीन लिहून द्यायची असते. त्याने टाळले तर २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची (डीम्ड कन्व्हेयन्सची, म्हणजे बिल्डरशिवाय आदेशाने जमीन नावे करून घेण्याची) वाट आहे: नमुना ७ मध्ये अर्ज, दोन हजारांचे कोर्ट फी तिकीट, जिल्हा उपनिबंधकापुढे सुनावणी, सहा महिन्यांत निर्णय. आदेश मिळाल्यावर मसुदा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्याकडे जातो, मग नोंदणी होते. अडते कुठे? सातबाराचे क्षेत्र आणि मंजूर नकाशाचे क्षेत्र जुळत नाही, कारण मध्ये रस्तारुंदीत जागा गेलेली असते. एका लेआउटवर चार इमारती असतात आणि कोणाच्या वाट्याला किती जमीन, ते ठरलेले नसते. दोन-चार सभासदांच्या करारनाम्यांवर मुद्रांकच नसतो आणि सगळ्या इमारतीची फाइल त्यांच्यासाठी थांबते. एवढे पार पाडूनही काही सोसायट्या शेवटी सिटी सर्व्हे ऑफिसात फेरफाराचा अर्जच करत नाहीत आणि पुनर्विकासाच्या वेळी पत्रिकेवर बिल्डरचेच नाव निघते.

कन्व्हेयन्स नसलेल्या सोसायटीत फ्लॅट घेऊच नये, असे म्हणणार नाही. मग शहरात फारशी घरे उरणार नाहीत. पण अर्ज कुठल्या टप्प्यावर आहे हे सेक्रेटरीकडून लेखी घ्यावे आणि भाव त्या हिशेबाने करावा.

नोंदणी कार्यालयांत एजंटांपासून सावध राहण्याच्या पाट्या असतात. त्यांच्या शेजारी आणखी एक ठळक पाटी नोंदणी महानिरीक्षकांनी लावावी, एवढीच मागणी: ‘येथे विक्रेत्याची मालकी तपासली जात नाही.’

आपला,
एक वाचक, ठाणे