पारा उतरला की द्राक्षाची बातमी, कोंबड्यांचं काय?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

डिसेंबर लागला की तुमच्या पेपरात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा येतो, निफाडचा पारा 6 वर, आज 5 वर, आणि लगेच खाली द्राक्षाचं, मणी तडकतील, पहाटे बागेत शेकोट्या पेटवा, ठिबकनं पाणी सोडा. बरोबरच आहे, बाग आमची पण आहे. पण बागेच्या कडेला खुराड्यात ज्या कोंबड्या आहेत त्यांच्यावर एक ओळ वाचल्याचं मला तरी आठवत नाही. अंड्याचा पैसा बाईच्या हातात येतो म्हणून तो मोजायचाच नाही की काय!

मागच्या जानेवारीत जाऊबाईंनी वनराज जातीच्या कोंबडीची 60 पिल्लं आणली, जेमतेम दहा-बारा दिवसांची. थंडी बघून भाऊजींनी शेडला चारी बाजूनं ताडपत्री आवळली, फट नको म्हणून वरून गोणपाट, आणि आत कोळशाची शेगडी. सकाळी 19 पिल्लं गेलेली. सगळे म्हणाले गारठ्यानं गेली, पण जनावरांचे डॉक्टर आत वाकले आणि खोकतच बाहेर आले, म्हणाले थंडीनं नाही हो, तुम्ही कोंडून मारली.

तेव्हापासून मी ज्याला त्याला हेच सांगत सुटलेय. कोंबडीच्या अंगातच 41 अंशाची ऊब असते, मोठा पक्षी कोरड्यात पिसं फुगवून बसला की आपली थंडी काढतो, त्याला बाधतो तो ओलावा आणि थेट अंगावर येणारा वारा. म्हणून पडदा खालून वर ओढायचा आणि छताखाली वीतभर जागा उघडी सोडायची, म्हणजे वारा डोक्यावरून जातो आणि विष्ठेचा वास, श्वासाची वाफ बाहेर पडते. सकाळी आत गेल्यावर आपले डोळे चुरचुरले तर समजा त्यांनी ते रात्रभर सोसलंय. तूस तीन-चार इंच टाका, ओलं झालं की लगेच काढा, आणि संध्याकाळी मका जरा जास्त घाला, रात्री अंगात ऊब राहते.

पिल्लांचं मात्र वेगळं, पहिल्या आठवड्यात त्यांना 35 अंशाच्या आसपास लागतं, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. थर्मामीटर नसला तरी चालतं, बल्बखाली एकावर एक चढली तर गारठलीत, लांब पळून चोच उघडी टाकून बसली तर उकडतंय. पण आमच्याकडे लाइट रात्री दोनला जाते, तेव्हा बल्बच्या भरवशावर न राहता मी डालगं सरळ घरात आणते. मानेवर पिसं नसलेल्या माझ्या दोन कोंबड्या पण आत येतात, उन्हाळ्यात त्यांच्यासारखी काटक नाही पण थंडीत त्यांचेच जास्त हाल. आमचे हे म्हणतात आता मीच शेडमध्ये झोपायला जातो.

तर विनंती एवढीच, पुढच्या वेळी निफाडचा पारा छापाल तेव्हा द्राक्षाच्या खाली "शेडची वरची फट बुजवू नका" एवढं तरी छापा.

आपली,
एक वाचक, ता. निफाड