टेहळ्या पुढे बसायचा, मागे नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत पहिल्या महायुद्धातल्या ‘बी.ई.-२’ या जुन्या ब्रिटिश टेहळणी विमानावरचा लेख आवडला, पण सोबतच्या चित्राने डोके फिरवले. वैमानिक पुढे आणि मांडीवर नकाशा घेतलेला टेहळ्या मागे! होते नेमके उलट. टेहळ्या पुढच्या आसनावर, वरखालच्या पंखांच्या मधोमध. वैमानिक त्याच्या मागे.

माझ्या एका विद्यार्थिनीने याच विमानाचे मॉडेल केले होते. बांबूच्या काड्या, पतंगाचा कागद आणि पंखांमधल्या तारांसाठी शिवणाचा दोरा. विज्ञान प्रदर्शनात परीक्षकांनी ते हातात घेतले, “चालक मागे कसा बसेल?” म्हणाले आणि गुण कापले. मी सांगायला गेलो, तर ऐकूनही घेतले नाही. पोरीने घरी जाऊन दोन्ही बाहुल्यांची अदलाबदल केली. बरोबर होते ते तिला चुकीचे करावे लागले, याचा राग अजून गेलेला नाही. आता त्या परीक्षकांना तुमच्या चित्राचा आधार मिळाला!

या रचनेला कारण होते. पुढचे आसन गुरुत्वमध्यापाशी असल्याने ते रिकामे राहिले तरी विमानाचा तोल बिघडत नसे. ऑगस्ट १९१२ मध्ये विमानाचे रचनाकार जेफ्री द हॅविलंड यांनी मेजर साइक्स यांना घेऊन हेच विमान १०,५६० फुटांवर नेले आणि ब्रिटिश विक्रम केला. पण १९१५ मध्ये जर्मन फोकर विमाने आली, तेव्हा खांब आणि तारांच्या पिंजऱ्यात बसलेल्या टेहळ्याला बंदूक वळवायला जागा नव्हती. माणसे गेली ती यामुळेही. लेखकाने मात्र ‘विमान संथ होते’ एवढ्यावर विषय संपवला. दुरुस्त चित्र त्याच पुरवणीत, त्याच आकारात छापावे. आतल्या पानावरची दोन ओळींची दिलगिरी नको.

आणखी एक. लेखात कूतचा उल्लेखही नाही. एप्रिल १९१६ मध्ये आजच्या इराकमधल्या कूत-अल-अमारा इथे तुर्की सैन्याने वेढलेल्या ब्रिटिश हिंदी सैन्याच्या सहाव्या पुणे डिव्हिजनची उपासमार चालली होती, वेढ्यात मराठा पलटणी होत्या. त्यांच्यासाठी वरून धान्याची पोती टाकणाऱ्या विमानांत याच विमानाच्या पुढच्या प्रकारातली ‘बी.ई.-२सी’ही होती. मराठी दैनिकाने हेच वगळावे? यावर स्वतंत्र लेख द्यावा, ही आग्रहाची विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, नाशिक