प्रिय दिन्या, उगाळायचं नाही म्हणालास म्हणून

लालबाग, मुंबई

प्रिय दिन्या,

रविवारी फोनवर तू म्हणालास, "शैले, चाळीस वर्षांपूर्वीचं आता उगाळून काय मिळणार? मार काय मी एकट्यानेच खाल्लाय?" आणि लगेच क्रिकेटवर गेलास. शेजारी तुझा ओंकार असेल म्हणून मी ताणलं नाही. पण बीपीच्या डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञाला भेटायची चिठ्ठी दिलीय आणि ती तू पाकिटात घालून नुसता फिरतोयस, हे मला सुजाताने सांगितलं. तिच्यावर डाफरू नकोस. हे व्हॉट्सॲपवर मावणारं नव्हतं, म्हणून सरळ कागद घेतला.

एकट्याने खाल्ला नाहीस, कबूल. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 साली 13 राज्यांतल्या मुलांची पाहणी जाहीर केली होती. त्यात दर तिघांतल्या दोघांनी मारहाण सोसल्याचं सांगितलं. पण सगळ्या चाळीचं छप्पर गळतंय म्हणून आपलं अंथरूण कोरडं राहतं का रे?

शिवाय मारामारात फरक असतो. माझी आई लाटणं उगारायची आणि थोड्या वेळाने तीच ताटात पोळी टाकायची. का मारलं, तेही ठाऊक असायचं. तुझ्याकडे तसं नव्हतं. जानेवारी 1982 मध्ये गिरण्यांचा संप झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि साच्यावर उभे राहणारे तुझे बाबा दिवसभर गॅलरीत बसायला लागले. संध्याकाळी गुत्ता. आपण पत्ते खेळत असायचो आणि मधेच तुझा हात थांबायचा. जिन्यावर चपला वाजायच्या, आम्हाला त्यात काहीच कळायचं नाही, पण तू नुसत्या आवाजावरून सांगायचास, "आज घेतलीय." मग बेबीला काखोटीला मारून आमच्या खोलीत आणून ठेवायचास आणि स्वतः परत जायचास. आठ-नऊ वर्षांचा होतास.

तो कान तुझ्या मेंदूने तयार केला होता. मेंदूत खोलवर अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग असतो. धोका ओळखणं हे त्याचं मोठं काम. तो जागा झाला की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींपर्यंत निरोप जातो, आधी ॲड्रेनॅलिन, मागोमाग कॉर्टिसॉल ही संप्रेरकं रक्तात सुटतात. छाती धडधडते, रक्तातली साखर चढते, पळायची नाहीतर भिडायची तयारी होते. कधीमधी असं झालं आणि कुणी मोठ्या माणसाने जवळ घेतलं, तर सगळं परत जागेवर येतं. रोज संध्याकाळी झालं तर मेंदू हेच नेहमीचं धरून चालतो. त्यात मुलाचा मेंदू अजून घडत असतो. "थांब, जरा विचार कर" म्हणणारा कपाळामागचा भाग तर पंचविशीच्या आसपास पक्का होतो. लहानपणी छळ सोसलेल्या माणसांच्या तपासण्यांत अमिग्डाला रागावलेल्या चेहऱ्याच्या नुसत्या फोटोनेही जास्त पेटलेला दिसतो. हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणीला तिची जागा आणि वेळ लावून देणारा भाग, सरासरीने थोडा लहान दिसतो. (सरासरीने हं. तू एमआरआय काढायला धावू नकोस, एकट्या माणसाचं बालपण त्यात वाचता येत नाही.)

म्हणून साहेबांनी "केबिनमध्ये ये" म्हटलं की तुझे हात गार पडतात. म्हणून पहाटे तीनला जाग येते. तू त्याला भित्रेपणा म्हणतोस, मला ते पटत नाही. त्या घरात ते शिकणं अगदी बरोबर होतं, बेबी त्यामुळे वाचली. फक्त आता डोंबिवलीच्या टू बीएचकेमध्ये जिन्यावरून कोणी येत नाही, आणि ही बातमी शरीराला पोचलेली नाही.

तू म्हणशील, बीपीचा काय संबंध? अमेरिकेत सॅन दिएगोला डॉ. फेलिटी वजन कमी करण्याचा दवाखाना चालवायचे. ज्यांचं वजन झरझर उतरत होतं तेच उपचार सोडून जायला लागले, म्हणून त्यांनी खोदून विचारलं, तर बऱ्याच जणांच्या लहानपणी अत्याचार निघाले. पुढे डॉ. अँडा यांच्याबरोबर त्यांनी 17 हजारांवर लोकांना लहानपणाबद्दल विचारलं; बहुतेक विमा असलेली, शिकलेली माणसं. 1998 मध्ये पहिले निष्कर्ष आले. ज्यांनी चार किंवा जास्त प्रकारचे आघात सोसले, त्यांच्यात नैराश्य, दारू, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पट. हृदयविकारही वाढलेला. आता त्याच प्रश्नांवर लोक मोबाइलवर मार्क काढतात आणि चारच्या वर गेले की आपलं संपलं म्हणतात. शाळेत पालकही मला असे आकडे आणून दाखवतात, तेव्हा माझं डोकंच फिरतं. खुद्द अँडांनी 2020 मध्ये लिहिलं, की एकेका माणसाचं भाकीत करायला हा आकडा वापरू नका.

बाबांवर खटला चालवायचा नाही, हे तुझं म्हणणं मला कळतं. संपाने त्यांचं काय केलं ते मीही पाहिलंय. पण ते समजून घेतलं म्हणजे त्यांनी तुझं काय केलं ते पुसायला हवं, असं कुणी सांगितलं? दोन्ही एकाच पोटात राहू शकतं. आणि समोरच्या खोलीतल्या आजी आठव, परीक्षेच्या दिवसांत तुला आपल्या माळ्यावर अभ्यासाला बसवायच्या, वर चहा पाठवायच्या. असं एक खात्रीचं माणूस मिळालं तरी मूल बरंच सावरतं, हे आम्हा मुलांबरोबर काम करणाऱ्यांना पुन्हा पुन्हा दिसलंय. रोमानियातल्या बुखारेस्टमध्ये 2000 साली अनाथालयांतल्या 136 मुलांवर संशोधन सुरू झालं, निम्म्यांना सांभाळणारी कुटुंबं मिळाली. दोन वर्षांची व्हायच्या आत जी घरात गेली, ती जास्त सावरली. लवकर झालं तर बरं, हे खरंच; पण पन्नाशीतही मेंदू शिकायचा थांबत नाही. आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारा बोलण्याचा उपचार) आणि ईएमडीआर (आघात आठवत असताना डोळ्यांची हालचाल करवून घेणारा), दोन्ही उपचारांची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्ये केलीय. पहिल्याच दिवशी कुणी तुला सगळं ओकायला लावत नाही. आधी झोप, श्वास, रोजचा दिवस धड कसा जाईल ते बघतात.

हे मी आत्ताच लिहितेय त्याचं कारण ओंकार. सुजाता म्हणाली, तू आवाज चढवलास की तो इअरफोन काढतो आणि तुझ्याकडे न बघता नुसता ऐकत बसतो. तू त्याला कधी हात लावलेला नाहीस, मला माहीत आहे. तरी एवढं बघच.

तुला ठाणं जवळ. डॉ. आनंद नाडकर्णींनी 1990 मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था तिथेच आहे. नाहीतर केईएमला मनोविकार विभाग आहे. फोनवर बोलणं सोपं वाटत असेल तर 14416, टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, मराठीतही बोलतात. केईएम ठरवलंस तर मंगळवारी मला सुट्टी आहे. केसपेपरच्या रांगेत मी उभी राहते, तू मागाहून ये. बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी आण, काय चालू आहे ते त्यांना विचारावंच लागेल. आणि सुजाताला सांग, कैरीचं लोणचं संपलंय, बरणी तुझ्याबरोबरच पाठव.

तुझी,
शैला