मलम किती लावायचे, ते दाखवून द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या पाच वर्षांच्या नातवाला तान्हेपणापासून इसब आहे. गेल्या हिवाळ्यात त्याच्या गुडघ्यांमागची कातडी इतकी चिघळली की सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके दिसत आणि रात्री सून त्याच्या हातांत पायमोजे चढवून त्याला झोपवत असे. परभणीच्या त्वचारोगतज्ज्ञांनी दिलेली ट्यूब मात्र महिनाभर फडताळात न उघडता पडून होती, कारण ‘स्टेरॉइड आहे, लेकराची कातडी जळेल’ असे सुनेला बजावणाऱ्यांत मीच पुढे होतो. त्याचे मला आजही वाईट वाटते.

ही भीती उगाच आलेली नाही. आपल्याकडे गजकर्ण झाले की माणूस थेट मेडिकलवर जाऊन स्टेरॉइड, बुरशीनाशक व अँटिबायोटिक एकत्र असलेली ट्यूब आणतो. खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशी पसरत राहते आणि ट्यूब बंद करताच गजकर्ण जास्तच उसळते. गोरेपणासाठी असेच मलम वर्षभर लावलेल्या माझ्या पुतणीचा चेहरा लाल पडला व त्यावर लव वाढली. 2018 मध्ये केंद्र सरकारने 14 स्टेरॉइडांची मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी घातली, तरी आमच्या गावात मला अजून कोणी चिठ्ठी मागितलेली नाही.

परंतु गजकर्ण हा बुरशीचा संसर्ग आहे आणि इसब हा त्वचेचा दाह. संसर्गात घात करणारे औषधच दाहावर, योग्य ताकदीचे व ठरलेले दिवस लावल्यास, गुण देते. स्टेरॉइडांपैकी हायड्रोकॉर्टिसोन सौम्य आणि क्लोबेटासोल अतितीव्र, हा फरकही आम्हाला ठाऊक नव्हता. दुसऱ्या भेटीत तिथल्या परिचारिकेने सुनेच्या तर्जनीवर टोकापासून पहिल्या पेराच्या रेषेपर्यंत मलम काढून दाखवले: हे साधारण अर्धा ग्रॅम, मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. त्या पेरभर मलमाने सुनेची भीती गेली. आठवडाभरात जखमा सुकल्या आणि लेकरू रात्रभर झोपू लागले.

म्हणून डॉक्टरांना कळकळीची विनंती आहे की, इसबाचे मलम देताना किती पेरे, कोणत्या जागी, किती दिवस आणि थांबवायचे केव्हा, एवढे चिठ्ठीवर मराठीत लिहावे व पहिल्याच भेटीत बोटावर काढून दाखवावे.

आपला,
एक आजोबा, जिल्हा परभणी