क्ष क्षयाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोपरीच्या आमच्या बाई मागच्या महिन्यात वारल्या. वय ८४. त्या शाळेत लागल्या तेव्हा ठाण्यात नगरपालिका होती. महानगरपालिका आली १९८२ मध्ये. निवृत्तीनंतरही मीठबंदर रोडजवळच्या घरात, ओटीवर त्यांचा वर्ग भरतच राहिला. शोकसभेला शंभरेक विद्यार्थी जमले. सगळे भरभरून बोलले, पण एक गोष्ट मला फार लागली. प्रत्येक जण म्हणाला, ‘ऐन तारुण्यात बाई एका मोठ्या आजारातून उठल्या.’ त्या आजाराचं नाव एकानेही घेतलं नाही. ते छापून यावं म्हणून हे पत्र लिहितोय.

बाईंना टीबी झाला होता. १९७४ साली, फुप्फुसाचा.

तेव्हाचा उपचार आजच्यासारखा सहा महिन्यांत आटपणारा नव्हता. दीड वर्ष गोळ्या, आणि सुरुवातीला रोज स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन. बाई बऱ्या झाल्या, पण त्या इंजेक्शनांनी कानाच्या आतला, तोल सांभाळणारा भाग कायमचा अधू केला. फळ्याकडे वळताना बाई आधी टेबलाची कड धरायच्या, मग मान वळवायच्या, मग पाय उचलायच्या. उजेडात निभायचं. अंधार पडला की पाय कुठे पडतोय तेच त्यांना कळायचं नाही. चौथीच्या स्कॉलरशिपचा जादा तास सुटेपर्यंत दिवेलागण व्हायची. मग पाळीपाळीने आम्ही दोघं-दोघं त्यांना घरी सोडायला जायचो. गटारावरची फरशी आली की बाई माझं मनगट घट्ट धरायच्या, पण तेराचा पाढा काही मध्येच थांबू द्यायच्या नाहीत.

१९७५ च्या जूनमध्ये त्या रजेवरून आल्या तेव्हा मी चौथीत होतो. थुंकीच्या तपासणीत जंतू उरले नव्हते, डॉक्टरांचा दाखला होता, तरी काही पालकांनी मुलं काढून घ्यायची भाषा केली. शिक्षकांच्या खोलीत बाईंचा कप वेगळा ठेवला गेला. कान तुटलेला कप, खिडकीत पालथा. बाईंनी तो उचलला, वर्गात आणून टेबलावर ठेवला आणि फळ्यावर भलं मोठं ‘क्ष’ काढलं. म्हणाल्या, “क्ष क्षत्रियाचा तुम्ही शिकलात. आज क्ष क्षयाचा.” मग तो खोकल्यातून हवेवाटे कसा पसरतो, कपबशीतून का पसरत नाही, खोकला हटत नसेल तर छातीचा फोटो का काढायचा, सगळं आम्हाला कळेल असं सांगितलं. रॉबर्ट कॉख हे नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. त्याने १८८२ मध्ये क्षयाचा जंतू शोधला, हे तेव्हापासून पाठ आहे.

तास संपल्यावर माझ्या बाकावरचा मुलगा बाईंजवळ जाऊन हळूच म्हणाला, “बाई, माझी आई रात्रभर खोकते.” त्या संध्याकाळी बाई त्याच्या घरी गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी किरकोळ रजा टाकून त्याच्या आईला तपासायला घेऊन गेल्या. ती माउली पुढे नातवंडं खेळवून गेली. तो मुलगा, आता माझ्यासारखाच साठीचा, शोकसभेत मागच्या रांगेत बसला होता. डोळे पुसत होता, पण बोलायला उठला नाही.

बाईंचं मोत्यासारखं अक्षर, शुद्धलेखनाचा कडकपणा, हे बाकीच्यांनी सांगितलंच आहे.

आज औषध मोफत मिळतं. पोषणासाठी सरकार महिन्याला एक हजार रुपये देतं. नोव्हेंबर २०२४ च्या आधी ते पाचशे होते. आणि तरीही ठाण्यातल्याच एका घरात मुलीला टीबी झाला तेव्हा शेजाऱ्यांना ‘टायफॉइड’ सांगितलं गेलं, कारण तिचं लग्न जमायचं होतं. बाईंच्या कानावर ते आलं. लिफ्ट बंद होती. कठडा धरून, एकेक पायरी चाचपत त्या तिसऱ्या मजल्यावर गेल्या आणि तासभर त्या मुलीजवळ बसल्या. वय ८३.

शोकसभेचा वृत्तांत आपल्याकडे पाठवला आहे असं कळलं. छापणार असाल तर त्यातलं ‘मोठा आजार’ काढून तिथे ‘क्षयरोग’ लिहावं, ही विनंती.

आपला,
बाईंचा एक विद्यार्थी,
कोपरी, ठाणे (पूर्व)