फुर्नाशमध्ये लावायची पोपटी

लिस्बन, रविवार, 3 मे 2026

ती. आई आणि ती. बाबा यांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र आजीलाही वाचून दाखवा. शेवटी तिच्यासाठी एक काम ठेवलंय.

आज इथे मातृदिन आहे. पोर्तुगालमध्ये तो मे महिन्याच्या पहिल्या रविवारी असतो. सकाळी कोपऱ्यावरच्या बेकरीत पाव आणायला गेले, तर रांगेतल्या निम्म्या लोकांच्या हातात फुलं होती. मग ठरवलं, आज आईला फोन नाही करायचा, पत्र लिहायचं. दुसरं कारण असं की परवा मी "ज्वालामुखीच्या बेटावर जाणार आहोत" एवढंच म्हणाले, लगेच आईचा आवाज बदलला आणि तेवढ्यात फोन कटला. ते मनाला लागून राहिलंय. म्हणून सगळं नीट सांगते.

4 जूनला, गुरुवारी, इथे 'कॉर्पो द देउश' आहे. चर्चचा सण, पण सरकारी सुटी असते. शुक्रवारी रजा टाकली की सलग चार दिवस मिळतात. अशा मधल्या दिवसाच्या रजेला इथे 'पोंत' म्हणतात, म्हणजे पूल. आम्ही पाच जणं आहोत: सोलापूरची मैत्रीण आणि तिचा नवरा, ऑफिसातला ब्राझीलचा सहकारी, मी, आणि जिच्यामुळे हे सगळं ठरलं ती शेजारच्या टेबलावरची पोर्तुगीज मैत्रीण. ती मूळची त्या बेटावरचीच, आणि तिची आई अजून तिथेच राहते. म्हणजे आम्ही अगदीच परक्या ठिकाणी चाललेलो नाही.

बेटाचं नाव साओ मिगेल. अझोर्स नावाची नऊ बेटं आहेत, त्यातलं सगळ्यांत मोठं. बाबा, भिंतीवरच्या नकाशात बघायचं तर लिस्बनवरून बोट सरळ पश्चिमेला न्या, साधारण दीड हजार किलोमीटर. अटलांटिकच्या मधोमध चार-पाच ठिपके दिसतील, तेच. बेटाची लांबी सुमारे 65 किलोमीटर, त्यामुळे गाडीने कुठूनही कुठे दीड-दोन तासांत पोचता येतं. विमानाला अडीच तासांच्या आत-बाहेर लागतात. घड्याळ लिस्बनच्याही एक तास मागे, म्हणजे तुमच्यात आणि माझ्यात त्या चार दिवसांत साडेपाच तासांचा फरक असेल. आमचे सकाळचे नऊ वाजले की तुमचे दुपारचे अडीच. फोन त्याच वेळी करत जाईन, बाबांची वामकुक्षी मोडेल तेवढी चालवून घ्या.

आता आईच्या भीतीबद्दल. आई, ज्वालामुखी म्हटलं की तुला लाल रस उकळताना दिसतो. तसं तिथे काही दिसत नाही. जुने ज्वालामुखी आतून कोसळून मोठमोठी खोलगट कुंडं झाली आहेत आणि कित्येकांत पाणी साचून तळी झाली आहेत. चहूबाजूंनी हिरवे डोंगर आणि मध्ये पाणी. आम्ही राहणार आहोत त्या फुर्नाश गावात शेवटचा उद्रेक झाला तो 1630 साली. बाबा, साल लक्षात आलं ना? त्याच वर्षी शिवनेरीवर महाराजांचा जन्म झाला. त्या उद्रेकात माणसं गेली होती, हे मी लपवत नाही. ज्वालामुखी विझलेला आहे असंही कोणी म्हणत नाही, निजलेला आहे म्हणतात. पण जमिनीची हालचाल टिपायला बेटावर यंत्रं बसवली आहेत, शास्त्रज्ञ रात्रंदिवस लक्ष ठेवतात, आणि वाफा येतात तिथे कठडे घातले आहेत. कठड्याबाहेर पाय ठेवणार नाही, हा शब्द.

आणि आपण तरी कशावर राहतो, आई? सह्याद्रीचा सगळा काळा कातळ लाव्ह्याचाच. आपला साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झाला, यांचा अजून कोवळा आहे, एवढाच फरक. मैत्रिणीने तिच्या गावच्या किनाऱ्याचा फोटो दाखवला तेव्हा मला क्षणभर कोर्लईच्या डोंगराखालचे खडकच वाटले.

बाबांसाठी एक गोष्ट राखून ठेवली होती, ती इथेच सांगते. बेटाच्या पश्चिम टोकाला फेरारिया म्हणून जागा आहे. 1811 साली तिच्या समोरच समुद्रातून नवं बेट वर आलं. एका इंग्रज युद्धनौकेच्या कप्तानाने त्यावर उतरून झेंडा रोवला आणि आपल्या जहाजाचं नाव बेटाला दिलं, सॅब्रिना. काही महिन्यांत लाटांनी ते बेट झेंड्यासकट धुऊन नेलं. आज त्याच फेरारियाला खडकांच्या खाचेत गरम झरा समुद्रात मिसळतो आणि लोक दोर धरून त्या कोमट लाटांत डुंबतात. ओहोटीला पाणी जास्त गरम लागतं. तुम्ही खाडीच्या भरती-ओहोटीचं गणित तोंडपाठ सांगता तसं तिथलं वेळापत्रक आम्ही आत्ताच काढून ठेवलंय.

गेल्या रविवारी सगळे माझ्या खोलीवर जमलो होतो, आखणी करायला. तीन तास नुसती चर्चा. ब्राझीलवाल्याला देवमासे बघायचेत. अझोर्समध्ये पूर्वी देवमाशांची शिकार चालायची, ती 1980 च्या दशकात थांबली. तेव्हा टेकडीवरच्या टेहळणीच्या खोपीत माणूस बसायचा आणि पाण्याचा फवारा दिसला की होड्यांना इशारा द्यायचा. आजही तशीच माणसं दुर्बीण घेऊन बसतात, फक्त आता ती पर्यटकांच्या बोटीला वायरलेसवर सांगतात की मासा अमुक दिशेला आहे. हे ऐकून मीही हो म्हटलं. सोलापूरकरांना सेत सिदादेशची दोन तळी बघायची आहेत, एक हिरवं आणि एक निळं, मध्ये नुसता पूल. गुराखी आणि राजकन्या यांची ताटातूट झाली आणि दोघांच्या डोळ्यांतल्या पाण्याची ही तळी झाली, अशी तिथली गोष्ट. पण वरून बघायला हवा लागते, आणि हवेचा तिथे काही भरवसा नाही. धुकं उतरलं की दहा पावलांवरचं दिसत नाही, अर्ध्या तासाने लख्ख ऊन. तळ्यांवर कॅमेरे लावलेत, सकाळी फोनवर बघायचं आणि जिथे उघडलं असेल तिकडे गाडी वळवायची. त्यामुळे आम्ही दिवसवार काही बांधून घेतलं नाही. गाडी मात्र आधीच ठरवली, कारण तिथल्या एसट्या, म्हणजे बस, थोड्या आहेत आणि गाड्या लवकर संपतात.

एक दिवस मात्र पक्का आहे. शनिवार. तो फुर्नाशचा.

फुर्नाशच्या तळ्याकाठी जमीन इतकी गरम आहे की लोक तीत जेवण शिजवतात. पदार्थाचं नाव कोझिदो. मोठ्या पातेल्याला आतून कोबीची पानं लावायची, मग मांस, बटाटे, गाजर, रताळी, कोबी असं थरावर थर भरायचं. पाणी घालायचं नाही. झाकण घट्ट बांधायचं, पातेलं कापडात गुंडाळायचं, मातीतल्या खड्ड्यात उतरवायचं आणि वर माती ओढून ढीग करायचा. कोणतं पातेलं कुणाचं ते कळावं म्हणून ढिगावर पाटी रोवतात. पहाटे पुरलं की सहा तासांनी, दुपारच्या सुमाराला, काढायचं.

मैत्रीण हे सांगत होती आणि मी मध्येच तिला थांबवलं. म्हटलं, अगं, ही तर आमची पोपटी! मग मी तिला सांगितलं: मडकं घ्यायचं, आत भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, ओवा, मीठ. तेल नाही, पाणी नाही. तोंडात पाला कोंबायचा, मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती गवत-काटक्यांचा जाळ. तिने विचारलं, शिजलं हे कळतं कसं? मी म्हटलं, आमचे बाबा ओंजळीतून मडक्यावर पाण्याचे थेंब उडवतात आणि आवाज ऐकून सांगतात. ती गप्पच झाली. म्हणाली, माझे आजोबा मातीवर तळहात ठेवून सांगायचे.

जानेवारीत तुम्ही मागच्या वाडीत पोपटी लावलीत आणि मला व्हिडिओवर दाखवलीत, आठवतंय? मडकं फोडल्यावर वाफ आली आणि सगळे एकदम पुढे वाकले, कॅमेरा जमिनीकडे गेला, आणि मला फक्त तुमच्या सगळ्यांचे पाय आणि शेंगा वेचणारे हात दिसत होते. आत्याच्या बांगड्या, काकाची अंगठी, आजीची वाकडी करंगळी. मी इथे बारा अंश थंडीत खिडकीशी बसून ते बघत होते. त्या दिवशी घरची फार आठवण झाली होती, तेव्हा बोलले नाही.

म्हणून मी ठरवलंय, आपण विकतचा कोझिदो खायचा नाही. शुल्क भरून स्वतःचं पातेलं पुरता येतं, असं मैत्रिणीची आई म्हणाली. ती पातेली देणार आहे, एक नव्हे, दोन. सोलापूरची मैत्रीण शाकाहारी, आणि कोझिदोत गोमांस, डुकराचं मांस, रक्ताचं सॉसेज असं सगळं असतं. एक पातेलं फक्त भाज्यांचं, दुसऱ्यात कोंबडी आणि अंडी. मसाला आपला, मार्चमध्ये काकाच्या मित्राबरोबर पाठवलेला. भांबुर्डी नाही मिळणार, पण कोबीची पानं आहेत. आणि कोबी हा शब्द त्यांच्याच 'कोव' वरून आलाय, पाव, बटाटा, काजू यांच्यासारखा. अननसाला तर साओ मिगेलवर 'अननाश'च म्हणतात! तिथे अननस काचघरात वाढवतात आणि सगळ्या झाडांना एकदम फूल यावं म्हणून आत पाला जाळून धूर कोंडतात. बाबा, त्या बागेत मी तुमच्या वतीने जाणार आहे आणि सगळं विचारून येणार आहे. एका फळाला दीड-दोन वर्षं लागतात म्हणे. चहाचा मळाही बघायचाय, गोरेआनाचा, 1883 पासूनचा. पूर्वी बेटावरून इंग्लंडला संत्री जायची, त्या बागा रोगाने गेल्या तेव्हा लोकांनी चहा आणि अननसाकडे मोर्चा वळवला. चहा करायला शिकवायला मकावहून चिनी कारागीर आणले होते.

गावात एक बाग आहे, तिथल्या मोठ्या तलावात गरम पाणी असतं, लोहामुळे अगदी तांबडं. पालीजवळच्या उन्हेऱ्याच्या गरम झऱ्यांवर आपण आजीला घेऊन जायचो तसंच, फक्त रंग चिखलासारखा. कपड्यांना डाग पडतात, म्हणून जुना पोहण्याचा पोशाख बाजूला काढून ठेवलाय. शिवाय गावात उकळत्या कुंडात पोतं सोडून मक्याची कणसं शिजवून विकतात. ती पहिल्याच संध्याकाळी खाणार. हायड्रेंजियाची निळी कुंपणं मात्र जुलैत भरात येतात, आम्हाला नुकती सुरुवात दिसेल.

आता ज्या गोष्टीसाठी आजी हवी आहे ती. कोझिदोत एक कंद असतो, त्याला ते 'इन्याम' म्हणतात. मी नाव ऐकून काहीतरी सुरण असेल असं समजत होते. मैत्रिणीने फोटो दाखवला. हृदयाच्या आकाराचं मोठं पान, त्यावर पाण्याचा थेंब गोल होऊन बसलेला. अळू! आपलं विहिरीच्या पाटाजवळचं अळू! फुर्नाशमध्ये गरम झऱ्याच्या वाहत्या पाण्यात त्याची शेतं आहेत. ते लोक अळकुड्या उकडून सॉसेजबरोबर खातात. पानांचं काय करता विचारलं तर म्हणाली, काही नाही. आई, एवढी पानं आणि एकाही घरात अळुवडी नाही!

तेव्हा शुक्रवारी रात्री मैत्रिणीच्या आईच्या स्वयंपाकघरात मी अळुवड्या करणार आहे. पानं तीच तिच्या ओळखीच्या शेतातून आणून देईल. डाळीचं पीठ आणि गूळ मी लिस्बनहून नेते, इथे भारतीय दुकानात मिळतात. चिंचेऐवजी घरची आमसुलं चालतील का? आजी, घशाला खवखव होऊ नये म्हणून तू पानांना नक्की काय करायचीस? शिरा लाटण्याने दाबायचीस ते आठवतं, पण आंबट आधी लावायचीस की पिठात कालवायचीस ते आठवत नाही. परक्या घरात पहिल्यांदा करते आहे, खाजता कामा नये.

आणि आई, पातेल्यात सहा तास राहायचंय, अर्धा तास नव्हे. रताळी वर ठेवू की खाली? अंडी इतका वेळ तडकणार नाहीत ना? ओवा किती? दोघी मिळून व्हॉट्सॲपवर बोलून पाठवा, 2 जूनपर्यंत. आजीच्याच आवाजात पाठवा, मी तिथे सगळ्यांना ऐकवणार आहे. मैत्रिणीच्या आईला एक शब्द कळणार नाही, पण तिनेच सांगितलंय ऐकवायला.

बाबा, आमसुलं यंदा उन्हात टाकली का? पाऊस लवकर येणार असं ऐकलं. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर सांगा, इथून काही पाठवायचं तर काकाचा मित्र 20 मेला परततोय.

तुमची,
बाय

ता. क. पातेल्याच्या ढिगावर नावाची पाटी लावतात ना, तिच्यावर मी देवनागरीत आपल्या गावाचं नाव, 'रेवदंडा', लिहिणार आहे. फोटो दुपारी अडीचच्या आसपास येईल.